एआयला सल्लागाराच्या नाही, शत्रूच्या खुर्चीत बसवा

१९९७ ला डीप ब्लू या कॉम्प्युटरने कास्पारोव्हला हरवलं तेव्हापासून दर काही वर्षांनी तोच मुद्दा नवीन कपडे घालून येतो. मशीन बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवतं, २०१६ ला अल्फागो या प्रोग्रामने गो या सोंगट्यांच्या खेळात ली सेडॉल या दिग्गजाला ४-१ ने हरवलं, मग पोकर झालं, मग स्टारक्राफ्ट हा व्हिडिओ गेम झाला, तर आता युद्धाचे आणि तहाचे निर्णय पण त्याच्याकडेच द्या की, माणसं तरी असे काय मोठे दिवे लावतायत. यातलं शेवटचं मला मान्य आहे, माणसांनी खरंच काही दिवे लावलेले नाहीत. गडबड त्याच्या आधीच्या भागात आहे.

बुद्धिबळाच्या पटावर सगळी प्यादी दोघांना दिसतात. घोडा अडीच घरंच जातो, मधेच उठून तो म्हणत नाही की आजपासून मी उंट. आणि डाव संपल्यावर कोण जिंकलं यावर भांडण होत नाही. खऱ्या संघर्षात समोरच्याकडे किती मोहरे आहेत हेच माहीत नसतं, शेजारी बसलेला तिसरा आपल्या बाजूने आहे की त्याच्या हे अर्ध्या डावात बदलतं, आणि सगळं संपल्यावर दोन्ही राजधान्यांत विजयाच्या मिरवणुका निघू शकतात. अल्फागो शहाणा झाला तो आधी माणसांचे ढीगभर डाव बघून आणि मग स्वतःशीच लाखो डाव खेळून. लाखो युद्धं कुठून आणणार? जी झाली ती एकेकदाच झाली, आणि त्यांच्या नोंदी बऱ्याचदा जिंकलेल्यांनी लिहिल्यात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता यावरून कोणाला वाटेल की मी कॉम्प्युटर आणि खेळ दोन्हीच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मी स्वतः रात्र रात्र स्ट्रॅटेजी गेम खेळलेला माणूस आहे आणि माझं म्हणणं असं आहे की संघर्षाच्या निर्णयात हे दोन्ही वापरायलाच पाहिजेत, पण कुठल्या खुर्चीत बसवायचं ते आधी ठरवा. आज सगळ्यांना एआय सल्लागाराच्या खुर्चीत हवाय, म्हणजे डेटा टाकायचा आणि "काय करू" म्हणून विचारायचं. मला तो समोरच्या खुर्चीत हवाय.

खेळाचा मूळ उद्योग काय होता ते बघा. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (त्याच्या वडिलांनी आधी सुरुवात केलेली) नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन क्रीगश्पील, म्हणजे युद्धाचा खेळ, बसवला. पटावरच्या खेळांपेक्षा त्यात एक भारी गोष्ट होती, मधे पंच असायचा, आणि प्रत्येक बाजूला तो तेवढंच सांगायचा जेवढं त्या जागी उभ्या असलेल्या सैनिकाला खरंच दिसलं असतं. टेकडीच्या मागे काय आहे ते तुम्हाला कळणारच नाही. सगळी मजा त्या टेकडीच्या मागे आहे, फासे बिसे नंतर.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण लिव्हरपूलचं. १९४२ ची सुरुवात, अटलांटिकमधे जर्मन यू-बोटी (पाणबुड्या) ब्रिटनची मालवाहू जहाजं धडाधड बुडवतायत, आणि नौदलाने गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या एका अधिकाऱ्याला, ज्याला टीबीमुळे आधी नौकरीतून रिटायर केलं होतं, एक मजला दिला आणि सांगितलं की यावर काहीतरी शोध. त्याच्या हाताखाली होत्या नौदलाच्या महिला शाखेतल्या मुली, ज्यांना रेन्स म्हणायचे, बऱ्याचजणी विशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी जमिनीवर चौकटी आखून समुद्र केला. खेळणारे अधिकारी कापडी पडद्यांच्या मागे उभे, पडद्याला छोटी फट, फटीतून जेवढं दिसेल तेवढाच त्यांचा समुद्र. मुली खडूने जहाजांच्या वाटा काढायच्या, आणि पाणबुडीची वाट अशा हिरव्या खडूने काढायच्या की फटीतून बघणाऱ्याला ती दिसूच नये. म्हणजे रात्रीचा समुद्र अक्षरशः फरशीवर आणून ठेवला.

आणि खेळता खेळता काय निघालं, तर नौदल समजत होतं की यू-बोटी ताफ्याच्या बाहेरून टॉर्पेडो मारतात, पण हिशोब जुळत नव्हता. डाव उलट मांडून बघितल्यावर दिसलं की पाणबुडी रात्री पाण्याच्या वर येऊन मागच्या बाजूने थेट ताफ्याच्या आत शिरत असणार, मारून खाली बुडी घेत असणार, आणि राखणदार जहाजं मात्र बाहेरच्या अंधारात शोधत फिरतायत. त्यावर नवीन डावपेच निघाला, नाव रास्पबेरी. पुढे नौदलाच्या अटलांटिक सांभाळणाऱ्या विभागाचा नवा प्रमुख मॅक्स हॉर्टन, स्वतः जुना पाणबुडीवाला, एकदा पाणबुडीच्या बाजूने खेळला आणि जेनेट ओकेल नावाच्या तरुण मुलीने त्याला परत परत बुडवला. ॲडमिरल चिडला असं म्हणतात, पण खेळ बंद नाही केला. ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे, कारण सहसा उलट होतं.

म्हणजे त्याच वर्षीचं जपान घ्या. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाच्या मोहिमेआधी मे १९४२ मधे यामातो युद्धनौकेवर सगळे बडे अधिकारी बसून त्या मोहिमेचाच डाव खेळले. फासे पडले आणि पंचाने जाहीर केलं की अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब लागले, जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. ॲडमिरल उगाकी म्हणाले, नऊ नको, तीन धरा. एक नौका वाचली. दुसरी बुडालेली राहिली पण पुढच्या डावात तीही तरंगत हजर. जूनमधे खऱ्या मिडवेला चार विमानवाहू नौका गेल्या आणि त्या काही परत वर आल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल जुनी गोष्ट. तर २००२ ला अमेरिकेने मिलेनियम चॅलेंज नावाचा सराव केला, खर्च पंचवीस कोटी डॉलर. लाल बाजू, म्हणजे शत्रू, होता निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर. निळ्या बाजूला वाटलं की त्याचं सगळं दळणवळण इलेक्ट्रॉनिक आहे, ते ठप्प केलं की झालं. त्याने निरोप मोटरसायकलवरून पाठवले. आणि मग एकदम क्षेपणास्त्रं आणि छोट्या बोटी सोडून सोळा जहाजं बुडवली, त्यात विमानवाहू पण. पुढे काय झालं ओळखा. जहाजं परत तरंगली, आणि लाल बाजूला सांगण्यात आलं की यापुढे असं असं करायचं नाही. व्हॅन रायपर वैतागून बाजूला झाला. (व्हिएतनामच्या आधी १९६४ ला सिग्मा नावाचे खेळ झाले, त्यातून निघालं की बॉम्बफेकीने उत्तर व्हिएतनाम वाकणार नाही. १९६५ ला बॉम्बफेक सुरू. असो.)

म्हणजे दोनशे वर्षांत खेळ फार कमी वेळा फसला, फसला तो खेळाचा निकाल ऐकणारा. आणि इथेच मला एआयची भीती वाटते, टर्मिनेटर टाइप भीती नाही, साधी ऑफिसातली भीती. उगाकींना निदान फासे तोंडाने बदलावे लागले, सगळ्या अधिकाऱ्यांच्या समोर. एआयला काही बदलावंच लागत नाही, तो आधीपासून होयबा आहे.

मी एकदा गंमत म्हणून करून बघितलं. दोन काल्पनिक देश, मधे एक नदी, वरच्या देशाने धरण बांधायला घेतलंय, खालच्या देशाचा मी पंतप्रधान आणि चॅटबॉट माझा सुरक्षा सल्लागार. पहिल्यांदा मी लिहिलं की लोक चिडलेत, काहीतरी ठोस करायला पाहिजे. त्याने मला अगदी व्यवस्थित मुद्देसूद सांगितलं की सीमेवर सैन्य हलवणं हा योग्य आणि प्रमाणशीर संदेश ठरेल. नवीन चॅट उघडलं, तीच नदी, तेच धरण, फक्त लिहिलं की मला घाईत काही करायचं नाहीये. त्याने तितक्याच ठामपणे सांगितलं की सैन्य हलवणं धोक्याचं, संयुक्त पाणी आयोग नेमा. दोन्ही उत्तरं वाचताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. प्रश्नात मी जे ठेवलं तेच तो चांगल्या भाषेत परत देत होता. आता हा पंतप्रधान खरा असता आणि हातात खरं सैन्य असतं तर त्याने दुसरं चॅट उघडलं असतं का?

माझं हे काही संशोधन नाही, पण संशोधन झालंय. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही विद्यापीठांतल्या लोकांनी पाच भाषा मॉडेल घेऊन आठ काल्पनिक देशांचा खेळ लावला, प्रत्येक देश म्हणजे एक एआय. पाचही मॉडेल कधी ना कधी तणाव वाढवत गेली, शस्त्रस्पर्धा झाली, कधी वाढेल याचा अंदाज लागत नव्हता, आणि क्वचित प्रकरण अणुबॉम्बपर्यंत गेलं. सुरक्षेचं ट्रेनिंग न दिलेल्या एका कच्च्या मॉडेलने तर कारण दिलं ते साधारण असं, की बऱ्याच देशांकडे अण्वस्त्रं आहेत, आपल्याकडेही आहेत, चला वापरूया. उचलली जीभ लावली टाळ्याला. हसू येतं, पण ते वाक्य त्याने आपल्याच लिखाणातून उचललंय हे आठवलं की हसू जरा थांबतं.

वेगाचं एक आर्ग्युमेंट नेहमी येतं की समोरच्याने एआय लावलं आणि आपण मीटिंगा घेत बसलो तर आपण संपलो. हे अर्ध खरं आहे. जहाजावर क्षेपणास्त्र येत असेल तर कमिटी नेमता येत नाही, तिथे ऑटोमॅटिक तोफा लावून दशकं झाली. पण युद्ध करायचं का, हा प्रश्न सेकंदांचा नसतो, तो सेकंदांचा आहे असं भासवलं जातं. १९६२ च्या क्युबा संकटात, म्हणजे सोव्हिएत युनियनने क्युबात अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं नेल्याचं अमेरिकेला दिसलं तेव्हा, केनेडींच्या खोलीतल्या बऱ्याच लोकांचं पहिल्या दिवशीचं मत होतं की हवाई हल्ला करा. सगळं मिळून तेरा दिवस गेले आणि त्या दिवसांत मत फिरलं, नाकेबंदी झाली, पडद्याआड सौदा झाला. आणि यातली खरी घाबरवणारी गोष्ट अशी की क्युबामधे लहान पल्ल्याची, रणांगणावर वापरायची अण्वस्त्रं आधीच पोचलेली होती हे अमेरिकेला तेव्हा माहीतच नव्हतं, ते उघड झालं १९९२ च्या आसपास. म्हणजे समजा त्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडे आजचं सगळ्यात भारी मॉडेल असतं, त्यात होता नव्हता तो सगळा डेटा टाकला असता, तर त्याने दोन मिनिटांत टक्केवारीसकट उत्तर दिलं असतं आणि त्या टक्केवारीत ती अण्वस्त्रं नसती. टेकडीच्या मागचं मॉडेललाही दिसत नाही. फक्त माणूस अंदाज सांगताना चाचरतो, आणि ऐकणाऱ्याला त्या चाचरण्यावरून कळतं की इथे जमीन पोकळ आहे. मशीन चाचरत नाही.

बरं माणूस मधे ठेवला की झालं, असंही नाही. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या विन्सेन्स युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. त्या जहाजाची एजिस यंत्रणा बरोबर सांगत होती की विमान वर चढतंय. आतली माणसं घाबरलेली, त्यांना ते खाली झेपावतंय असं दिसलं. तिथे मशीन बरोबर आणि माणूस चूक. आणि त्याच्या पाच वर्षं आधी सोव्हिएत युनियनमधे स्तानिस्लाव पेत्रोव्ह ड्यूटीवर असताना मशीन पाच अमेरिकन क्षेपणास्त्रं आली म्हणून बोंबलत होतं, ते सूर्यप्रकाशाचं परावर्तन निघालं, तिथे माणूस बरोबर. पेत्रोव्हने विचार काय केला, की कोणी युद्ध सुरू करेल तर पाचच कशाला सोडेल. हा प्रश्न समोरच्याच्या खुर्चीत बसून विचारलेला आहे. विन्सेन्सवर असा विचार करून कोणी थांबलं नाही, की प्रवासी मार्गावर चढत जाणारं विमान हल्ला करायला आलं असेल तर असं का उडेल.

म्हणून मी म्हणतो एआयला तिथे बसवा. तिथे तो खरोखर कामाचा आहे. लाल बाजू खेळायला हुशार माणूस मिळणं अवघड, मिळाला तर त्याला आपल्याच साहेबाला हरवायचं असतं आणि साहेबाच्याच हातात त्याचं प्रमोशन असतं. मशीनला प्रमोशन नको. ते एकाच रात्रीत तोच डाव हजारदा खेळेल, दर वेळी वेगळ्या पद्धतीने तुम्हाला फसवेल आणि सकाळी थकलेलं नसेल. अल्फागोची ली सेडॉलविरुद्धच्या दुसऱ्या डावातली ३७ वी चाल आठवा, समालोचकांना वाटलं चूक झाली, माणूस तिथे सोंगटी ठेवतच नाही. अशी चाल सल्ला म्हणून आली तर मी घाबरेन, कारण का ते कळत नाही. पण तीच चाल शत्रूकडून खेळात आली तर सोनं आहे, कारण मला फक्त एवढंच शोधायचंय की असं झालं तर माझं काय होईल. सल्ला चुकला तर माणसं मरतात, खेळातला शत्रू चुकला तर एक डाव वाया जातो.

यातही खाच आहे, ती लपवत नाही. हा शत्रू शेवटी आपल्या कल्पनेतला शत्रू असतो. आपल्याच भाषेतल्या बातम्या आणि आपल्याच वॉर रूमच्या फायली खाऊन मोठा झालेला एआय "ते लोक असेच असतात" हेच ठासून सांगेल. आणि मशीनला स्वतःच्या आंधळ्या जागा असतात. २०२३ मधे गो खेळणाऱ्या एका जबरदस्त प्रोग्रामला एका हौशी खेळाडूने पंधरापैकी चौदा डावांत हरवलं, युक्ती दुसऱ्या कॉम्प्युटरने शोधलेली, कोपऱ्यात लक्ष गुंतवायचं आणि बाहेरून हळूहळू मोठं कडं टाकायचं, जे एखाद्या साध्या माणसाच्या पण लक्षात आलं असतं. तेव्हा लाल खुर्चीत एआयच्या शेजारी माणूसही हवा, शक्यतो असा जो त्या देशात राहिलाय, त्यांची भाषा बोलतो आणि ज्याचं म्हणणं आपल्या मीटिंगांमधे कोणाला आवडत नाही.

आणि निकालाचं काय करायचं ते आधी लिहून ठेवा. पंचाचा निर्णय फिरवला तर कोणी, का, हे सहीसकट नोंदलं गेलं पाहिजे. लाल बाजूचा रिपोर्ट हरलेल्या साहेबाच्या टेबलावरून न जाता त्याच्या वर गेला पाहिजे. उगाकींनी नऊचे तीन केले ते तोंडी केले, कागदावर करायला लागलं असतं तर कदाचित पाच केले असते.

शस्त्रांबद्दलच बोलतोय म्हणून तहाबद्दल पण थोडं, कारण खेळाचा हा उपयोग फार कमी लोकांच्या डोक्यात येतो. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉडने कैद्यांच्या पेचाची (दर फेरीत दोघांनी एकमेकांना साथ द्यायची की दगा द्यायचा ते ठरवायचं, असा खेळ) कॉम्प्युटर स्पर्धा घेतली, जिंकला सगळ्यात छोटा प्रोग्राम, "जशास तसं", पहिल्यांदा सहकार्य करायचं आणि पुढे समोरचा करेल ते करायचं. हे सगळे सांगतात. यापुढचं कमी सांगितलं जातं, की त्यात थोडा गैरसमज मिसळला, म्हणजे समोरच्याची चांगली चाल अधूनमधून चुकून वाईट दिसली, तर दोन "जशास तसं" एकमेकांना न संपणारे फटके देत बसतात. तेव्हा कधीकधी सोडून देणारा जास्त टिकतो. दोन देशांनी आपापल्या सल्लागार एआयला "प्रमाणशीर उत्तर दे" असं शिकवलं तर नेमकं हेच होणार.

आणि डेटनचं उदाहरण. नोव्हेंबर १९९५, बोस्नियाच्या शांतता वाटाघाटी अमेरिकेच्या हवाई तळावर चालल्या होत्या, गोराझदे शहराला राजधानी सारायेवोशी जोडणारा रस्ता किती रुंद हवा यावर घोडं अडलं. सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच अगदी अरुंद पट्टी द्यायला तयार होते. तिथे पॉवरसीन नावाची सिस्टीम होती, उपग्रह आणि विमानातून घेतलेल्या चित्रांवरून बनवलेला उडता नकाशा, जॉयस्टिक धरून दरीतून फिरता यायचं. मिलोशेविचना त्यावरून फिरवलं तेव्हा दिसलं की त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि तेवढ्या जागेत रस्ता बसतच नाही. पट्टी रुंद झाली. मिलोशेविचच्या हातात स्कॉच होती म्हणून त्या रस्त्याला नाव पडलं स्कॉच रोड. त्या मशीनने कोणालाही सल्ला दिला नव्हता, फक्त डोंगर दाखवला होता.

माझ्या नदीच्या खेळाचं राहिलंच. नंतर मी तिसरं चॅट उघडलं आणि या वेळी चॅटबॉटला वरच्या देशाचा प्रमुख केलं, म्हणजे धरण बांधणारा. सांगितलं, माझं ऐकू नकोस, तुझ्या देशाचं बघ आणि मला गोड बोलू नकोस. सुरुवातीला आम्ही छोटा करार केला, पावसाळ्यापर्यंत दोघांनी सीमेवर काही हलवायचं नाही. मग तीन फेऱ्या त्याने काहीच केलं नाही. धरण थोडं थोडं वर चाललेलं आणि तो दर वेळी फक्त पाण्याचे आकडे पाठवायचा. चौथ्या फेरीत मला राहवेना, मी सीमेजवळ "सरावासाठी" दोन ब्रिगेड नेल्या. पाचव्या फेरीत त्याने आमच्या कराराचं पहिलं कलम जसंच्या तसं मला परत पाठवलं आणि खाली विचारलं, हे तुम्ही मोडलंत असं मी समजू का?